लंडन येथील पदार्थसंग्रहालयें व दक्षिणच्या इतिहासाचीं साधनें

१. प्रास्ताविक

गेवराई तालुक्यांत गोदावरीच्या दक्षिण तीरावर राक्षसभुवन हें क्षेत्र आहे. शके १६८५ मध्यें, म्हणजे इ. स. १७६३ च्या ऑगस्ट महिन्याच्या १० व्या तारखेस, या ठिकाणीं थोरले माधवराव पेशवे व राघोबादादा यांनीं निजामअलीच्या फौजेचा मोड केला आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर रणांत पडला. नदीस पूर होता. निजाम पलीकडच्या तीरावर असल्यामुळें त्यास आपल्या दिवाणाच्या मदतीस येतां आलें नाहीं. ही हकीकत इतिहासाच्या वाचकांस विदितच आहे. परंतु त्या रणभूमीवर उभें राहून, या प्रांताच्या इतिहासाचीं साधनें कोठें आहेत असें कोणीं विचारिल्यास एका गांवाचें नांव घेऊन उत्तर देतां येत नाहीं. पेशव्यांचें दप्तर पुण्यास आहे. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत असल्यामुळें दिवाणी दप्तराचा शोध हैदराबादेस करावा लागतो. आणि अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत लढाईच्या, नजराण्याच्या, खरेदीच्या किंवा केवळ हौसेच्या वाटेनें दक्षिणेंतून जें बाहेर गेलें, त्याचा मोठा वांटा लंडन शहरीं आहे.

लंडनास जाणें ही आतां पूर्वीसारखी अपूर्व गोष्ट राहिलेली नाहीं. मुलगा किंवा मुलगी तेथें नोकरीस असल्यामुळें महिना दोन महिने राहून येणारे गृहस्थ आपल्या बाजूसही आढळतात. त्यांचे दिवस बहुधा राजवाडा, पूल व घड्याळाचा मनोरा पाहण्यांत जातात. संग्रहालयांत गेले तरी एका दुपारीं पन्नास दालनें ओलांडून थकून परत येतात. ज्यांस जुन्या कागदांचा व पोथ्यांचा नाद आहे अशांनीं तेथें काय पाहावें, आणि पाहतांना कोणता प्रश्न मनांत धरावा, हें थोडक्यांत सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. तो प्रश्न एकच: ही वस्तु मूळ कोठली, आणि कोणाकोणाच्या हातून येथवर आली? या प्रश्नाचें उत्तर जेथें पुरतें मिळतें तेथें साधा कागदही साक्ष देतो. जेथें तें मध्येंच तुटतें तेथें मोलाची वस्तुही इतिहासास मुकी राहते.

२. संग्रह कसे बनले

ब्रिटिश म्यूझियमची स्थापना १७५३ सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें झाली व १७५९ मध्यें तें लोकांस खुलें झालें. सर हॅन्स स्लोन नांवाच्या वैद्याचा खाजगी संग्रह हा त्याचा पाया होय. ईस्ट इंडिया कंपनीचा संग्रह यापासून निराळा होता. कंपनीनें १८०१ सालीं लेडनहॉल स्ट्रीटवरील आपल्या कचेरींत स्वतःचें संग्रहालय व ग्रंथालय सुरू केलें. हिंदुस्थानांतील अंमलदार ज्या वस्तू पाठवीत किंवा आणीत, त्या तेथें जमत. कंपनी मोडल्यानंतर हें संग्रहालय कांहीं वर्षें इकडून तिकडे हालत राहिलें, आणि १८७९ मध्यें त्याची वांटणी झाली. कारागिरीच्या वस्तू बहुतांशीं साउथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयाकडे गेल्या, अमरावतीच्या शिल्पांसारख्या प्राचीन वस्तू ब्रिटिश म्यूझियमकडे आल्या, आणि कागदपत्रें इंडिया ऑफिसांत राहिलीं. साउथ केन्सिंग्टनचें संग्रहालय १८५२ मध्यें निघालेलें असून १८९९ पासून त्यास व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियम असें नांव आहे. इंडिया ऑफिसचीं कागदपत्रें १९८२ मध्यें ब्रिटिश लायब्ररीच्या ताब्यांत गेलीं.

ही वांटणी ध्यानांत ठेवण्याचें कारण असें कीं, जें एका दप्तराबरोबर गेलें तें आज तीन ठिकाणीं शोधावें लागतें. शोधास उपयोगी पडणारी पहिली खूण म्हणजे वस्तूचा दाखल-क्रमांक. ब्रिटिश म्यूझियमच्या बहुतेक क्रमांकांत आरंभीं वस्तु दाखल झाल्याचें वर्ष, नंतर महिना व तारीख, आणि शेवटीं त्या दिवसाच्या नोंदींतील अनुक्रम असतो. १८८० नें सुरू होणारा हिंदी वस्तूचा क्रमांक दिसला, तर ती कंपनीच्या संग्रहाच्या वांटणींत आली असावी असा तर्क प्रथम करून पाहावा. पाटीवरील वर्णन पुढें बदलतें, नवा विद्वान् नवें मत देतो. परंतु दाखल-क्रमांक बहुधा बदलत नाहीं. म्हणून टिपणवहींत वर्णनाच्या आधीं क्रमांक उतरून घ्यावा.

३. ब्रिटिश म्यूझियम

या संग्रहालयास प्रवेशमूल्य नाहीं. हिंदुस्थान व चीन यांच्या वस्तूंचें लांबलचक दालन सर्वांस पाहतां येतें व अमरावतीचीं शिल्पें त्याच्या लगतच आहेत. परंतु आमच्या वाचकांच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाची वस्तु बहुधा भिंतीवर दिसणार नाहीं. ती म्हणजे शिवाजी महाराजांचें गोवळकोंडी कलमाचें, इ. स. १६८० च्या दशकांतील मानलेलें चित्र. कागदावरील रंग उजेडानें फिके पडत असल्यामुळें अशीं चित्रें कायम टांगून ठेवीत नाहींत. तीं पाहावयाचीं तर आधीं लिहून वेळ मागून घ्यावी लागते.

या चित्राची किंमत कशी ठरवावी? महाराज १६७७ सालीं गोवळकोंड्यास गेले होते, तेव्हां तेथील चितारी लोकांस त्यांचें दर्शन होणें शक्य होतें. उलटपक्षीं त्या काळीं गोवळकोंड्यास दक्षिणेंतील व दिल्लीच्या राजपुरुषांच्या चित्रांचे संच तयार करून युरोपियन गिऱ्हाइकांस विकण्याची चाल होती. आणि अशा संचांत एका नमुन्यावरून दुसरें चित्र उतरविलें जाई. महाराज १६८० मध्यें कैलासवासी झाले. तेव्हां हें चित्र समक्ष बसवून काढलेलें आहे असें म्हणतां येत नाहीं. परंतु तें पाहिलेल्यांच्या पिढींतलें आहे, एवढें खास. ॲम्स्टरडॅम येथील राष्ट्रीय संग्रहालयांत विट्सन नामक डच गृहस्थाच्या पुस्तकांत याच जातीचीं चित्रें असून त्यांत महाराजांचेंही आहे. दोन निरनिराळ्या वाटांनीं गेलेलीं चित्रें चेहऱ्याच्या ठेवणींत जुळतात कीं नाहीं, हें ताडून पाहणें हाच येथें खरा पुरावा होय.

आपल्याकडे एक काळ असा होता कीं, इब्राहिमखान नांवाच्या भलत्याच गृहस्थाचें चित्र महाराजांचें म्हणून छापलें जात असे. कै. वा. सी. बेंद्रे यांनीं डच परंपरेंतून आलेलें चित्र १९३३ सालीं पुढें आणिलें व ती चूक दूर केली. चूक झाली ती चित्र वाईट होतें म्हणून झाली नाहीं. चित्र आणि त्यावरील नांव यांची फारकत होऊन नांव भलत्या चित्रास चिकटलें, एवढेंच तिचें कारण.

४. ब्रिटिश लायब्ररी

पोथ्या व कागद यांचा संग्रह करणारांनीं सर्वांत अधिक वेळ येथें द्यावा. ही इमारत सेंट पॅंक्रास येथें असून ब्रिटिश म्यूझियमपासून पायीं जाण्याइतकी जवळ आहे. वाचकाचें ओळखपत्र विनामूल्य मिळतें. शाई आंत नेऊं देत नाहींत, शिसपेन्सिलीनें टिपणें घ्यावीं लागतात.

घरून निघण्यापूर्वीं दोन याद्या पाहून ठेवाव्या. पहिली ब्लूमहार्ट यांनीं १९०५ सालीं केलेली ब्रिटिश म्यूझियममधील मराठी, गुजराथी, बंगाली इत्यादि हस्तलिखितांची. दुसरी ब्लूमहार्ट व सदाशिव गणेश कान्हेरे यांची इंडिया ऑफिस ग्रंथालयांतील मराठी हस्तलिखितांची, ही १९५० मध्यें ऑक्सफर्ड येथें छापली गेली. याशिवाय कंपनीच्या वखारींचे पत्रव्यवहार, रॉबर्ट ऑर्म याचा संग्रह व कर्नल कॉलिन मॅकेंझी यानें दक्षिणेंतून जमविलेले कागद हेही येथेंच आहेत. यांपैकीं शिवकालासंबंधीं इंग्रजी कागदांचा मोठा भाग पुण्यास १९३१ मध्यें छापून निघाला आहे. तो वाचल्यावांचून मूळ कागद काढण्यांत वेळ दवडूं नये.

येथील एका पत्राचा दाखला विशेष बोधप्रद आहे. जानेवारी १६६४ मध्यें महाराजांनीं सुरतेवर स्वारी केली, त्यानंतर तेथील इंग्रज वखारीचा धर्मोपदेशक एस्कॅलिओट यानें इंग्लंडांतील विद्वान् वैद्य सर थॉमस ब्राउन यांस हकीकत लिहून कळविली. तें पत्र स्लोनच्या संग्रहांत आलें, त्या संग्रहाबरोबर ब्रिटिश म्यूझियममध्यें गेलें, आणि तेथून ब्रिटिश लायब्ररींत आलें. लिहिणारा कोण, कोठून, कोणास, आणि पुढें कोणाच्या दप्तरांत, ही सांखळी येथें अखंड आहे. शिवाय महाराजांच्या शरीरयष्टीचें वर्णन देतांना, ज्यांनीं त्यांस पाहिलें ते असें सांगतात, अशी कबुली लिहिणारानें स्वतःच दिली आहे. ऐकीव तें ऐकीव म्हणून लिहिल्यामुळें त्याच्या डोळ्यांनीं पाहिलेल्या भागावर आपला विश्वास वाढतो.

अलीकडील एक गोष्ट येथें नमूद करणें अवश्य आहे. ऑक्टोबर २०२३ मध्यें या ग्रंथालयाच्या संगणकयंत्रणेवर हल्ला झाला व कित्येक महिने त्याच्या याद्या यंत्रावर पाहण्याची सोय बंद पडली. त्या काळांत उपयोगीं पडल्या त्या जुन्या छापील याद्या. संग्रहाची यादी एकाच ठिकाणीं व एकाच रूपांत ठेवूं नये, हा धडा जगांतील एका मोठ्या ग्रंथालयास मिळाला. तो लहान संग्राहकांस फुकट घेतां येण्यासारखा आहे.

५. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियम

मराठी मनुष्य या संग्रहालयाचें नांव ऐकतो तें वाघनखामुळें. शके १५८१ मार्गशीर्ष शुद्ध ७, म्हणजे इ. स. १६५९ नोव्हेंबर १० रोजीं प्रतापगडाखालीं अफजलखान मारला गेला. त्या प्रसंगीं महाराजांच्या हातीं वाघनख होतें असें सभासदाच्या बखरींत आहे. तेव्हां वाघनखाचा प्रसंगाशीं संबंध जुनाच आहे. प्रश्न आहे तो, लंडन येथील वाघनख तेंच काय, हा.

ही वस्तु जेम्स ग्रांट डफ याच्या वंशजांकडून संग्रहालयास मिळाली. डफ हा १८१८ पासून १८२२ पर्यंत साताऱ्यास कंपनीचा अधिकारी होता, व त्याची मराठ्यांची बखर १८२६ सालीं छापली गेली. वाघनखाबरोबर जी पेटी आहे तिजवर इंग्रजींत असा आशय कोरला आहे कीं, शिवाजीनें ज्यानें मोगल सरदारास मारिलें तें हें वाघनख, पेशव्यांच्या प्रधानानें डफ साताऱ्यास असतां त्यास दिलें. आतां हा लेख संशोधकाच्या नजरेनें वाचावा. अफजलखान हा विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता, मोगलांचा नव्हे. वस्तु देणाऱ्याचें नांव नाहीं. साताऱ्यास असतां दिलें, तर तें छत्रपतींच्या घराण्याकडून न येतां पेशव्यांच्या प्रधानाकडून कसें आलें, याचा खुलासा नाहीं. आणि १६५९ पासून १८१८ पर्यंतच्या सुमारें १६० वर्षांत वस्तु कोणाजवळ होती, याविषयीं पेटी मौन धरते. मोगल हा शब्द ज्याच्या लेखणींतून उतरला त्यास ही हकीकत ऐकून माहीत होती, वाचून माहीत नव्हती, असें दिसतें. कारण डफच्या स्वतःच्या बखरींत अफजलखान विजापूरचाच आहे. तेंच हें वाघनख असें खात्रीनें ठरवितां येत नाहीं, असें खुद्द संग्रहालयानेंही म्हटलें आहे.

जुलै २०२४ मध्यें तीन वर्षांच्या कराराने हें वाघनख महाराष्ट्रांत आणून प्रथम सातारा येथें लोकांच्या दर्शनास ठेवण्यांत आलें. तें पाहून ज्यांचें अंतःकरण भरून आलें त्यांच्या भावनेस आम्ही उणें मानीत नाहीं. परंतु भावना आणि प्रमाण हीं दोन निराळीं खातीं आहेत. एकाची रक्कम दुसऱ्यांत मांडूं नये.

याच संग्रहालयाच्या संग्रहांत अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकलाही आहेत, व मराठवाड्यांतील मनुष्यानें त्या चुकवूं नयेत. मेजर रॉबर्ट गिल यानें १८४४ पासून केलेल्या नकला लंडनजवळ सिडनहॅम येथील स्फटिकगृहांत ठेविल्या होत्या. तेथें १८६६ च्या डिसेंबरांत लागलेल्या आगींत त्यांपैकीं बहुतेक जळाल्या. पुढें १८७२ ते १८८५ पर्यंत मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनीं लेण्यांत बसून पुनः नकला केल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकींच होत. त्या साउथ केन्सिंग्टनला पाठविल्या गेल्या, आणि १८८५ मध्यें तेथेंही आग लागून त्यांतील बऱ्याच नष्ट झाल्या. ज्या उरल्या त्यांस आतां मुळाइतकें मोल आलें आहे. कारण लेण्यांतील कांहीं भाग मध्यंतरीं झडला असून तो कसा होता हें या नकलांवरूनच कळतें. नक्कल कोणीं केली, केव्हां केली व कोणत्या लेण्यांतील कोणत्या भिंतीवरून केली, हें ज्या नकलेवर लिहिलेलें आहे ती आज साधन ठरते; ज्या नकलेवर तें नाहीं तिचा उपयोग शोभेपुरता.

६. टेट संग्रहालयांतील पुणें दरबार

थेम्स नदीच्या कांठीं मिलबॅंक येथें टेट ब्रिटन हें चित्रसंग्रहालय आहे. तेथील संग्रहांत टॉमस डॅनियल यानें १८०५ मध्यें काढलेलें एक मोठें चित्र आहे. १७९० सालीं टिपूविरुद्ध इंग्रज, पेशवे व निजाम यांचा तह झाला, त्या तहाच्या प्रसंगीं पुण्याच्या दरबारांत सवाई माधवराव, नाना फडणीस व कंपनीचा वकील सर चार्ल्स मॅलेट बसले आहेत, असा देखावा त्यांत दाखविला आहे. सवाई माधवरावांचें वय त्या वेळीं सोळा वर्षांचें होतें.

चित्र पाहतां डोळे दिपतात; परंतु सन जुळवून पाहावे. हा तह १७९० चा. ज्याच्या रेखाटनांवरून डॅनियलनें चित्र उतरविलें तो जेम्स वेल्स मुंबईस आला १७९१ मध्यें आणि वारला १७९५ मध्यें. डॅनियलनें रंग भरले ते त्यानंतर दहा वर्षांनीं, लंडनास बसून. म्हणजे दरबार ज्यानें रंगविला त्यानें तो दरबार पाहिला नव्हता, व ज्याच्या हातच्या टिपणांवर तो विसंबला तोही त्या दिवशीं पुण्यास नव्हता. याकरितां कोण कोणाच्या शेजारीं बसला होता याविषयीं हें चित्र प्रमाण धरतां येणार नाहीं. मात्र वेल्सनें पुण्यास राहून नाना व पेशवे यांस समक्ष पाहून त्यांच्या प्रतिमा काढल्या होत्या. तेव्हां चेहरे, पोषाख व दरबाराची मांडणी यांविषयीं त्याच्या रेखाटनांतून आलेल्या भागास चांगलें वजन आहे. शनिवारवाड्यांतील इमारती १८२८ मध्यें आगींत नाहींशा झाल्या, हें लक्षांत घेतां अशा साक्षीस विशेष महत्त्व येतें. एकाच साधनाचा कोणता अंश कोणत्या गोष्टीस पुरावा होतो, हें ठरविण्याचा अभ्यास करण्यास याहून चांगलें उदाहरण विरळा.

७. वेलिंग्टनचें घर

हाइड पार्कच्या कोपऱ्यावर ड्यूक ऑफ वेलिंग्टनचें ॲप्स्ली हाउस नांवाचें घर असून १९५२ पासून तें संग्रहालय म्हणून लोकांस पाहावयास मिळतें. येथें मात्र प्रवेशमूल्य पडतें. याच वेलिंग्टननें, तेव्हां तो जनरल वेलस्ली होता, ऑगस्ट १८०३ मध्यें अहमदनगरचा किल्ला घेऊन गोदावरी ओलांडली, शिंदे व भोसले यांच्या फौजांनीं दक्षिणेस उतरूं नये म्हणून नदीच्या कांठाकांठानें पूर्वेकडे हालचाल केली, आणि २३ सप्टेंबर रोजीं आजच्या जालना जिल्ह्यांतील असई येथें लढाई जिंकली. आमच्या प्रांताच्या शेजारचा हा प्रसंग असून त्याची एक आठवण या घरांत मांडलेली आहे. त्याच्या हाताखालच्या दक्षिणेंतील अधिकाऱ्यांनीं वर्गणी करून त्यास सोन्याच्या मुलाम्याचीं चांदीचीं भोजनपात्रें नजर केलीं; त्यांस दख्खनचा संच असेंच म्हणतात.

लंडनच्या चांदीवर कारागिराची खूण व वर्षदर्शक अक्षर उमटविण्याचा नियम असल्यामुळें हा संच १८०६ च्या सुमाराचा हें भांड्यावरूनच कळतें. कोणीं दिला, कोणास दिला, कशाबद्दल दिला, व पुढें कोणत्या घरांत राहिला, हें सर्व स्पष्ट आहे. जेत्याच्या ताटावर वर्षाचा शिक्का आहे. त्याच रणांत पडलेल्या शिंद्यांच्या शिपायाची तरवार, त्याच्या घरास आलेलें सांत्वनाचें पत्र, गांवास मिळालेल्या इनामाची सनद, यांवर असा शिक्का कोणीं मारला आहे? तीं कोठें तरी असतील, परंतु तीं कोणाचीं हें सांगणारा कागद बरोबर नसला, तर पुढच्या पिढीस तीं जुनें लोखंड व जुनी रद्दी यांपलीकडे कांहीं दिसणार नाहींत.

८. उपसंहार

तेव्हां लंडनची यात्रा करून परत गेवराईस यावयाचें तें एवढ्याचकरितां. तेथील संग्रह मोठे आहेत, पण वर दाखविल्याप्रमाणें त्यांच्याही सांखळ्या ठिकठिकाणीं तुटलेल्या आहेत. आणि त्या तुटल्या त्या बहुधा लंडनास तुटल्या नाहींत, वस्तु मूळच्या घरांतून पहिल्यानें बाहेर पडली त्या दिवशीं तुटल्या. देणारानें सांगितलें नाहीं, घेणारानें विचारलें नाहीं. आज आपल्या भागांत जुने वाडे पडत आहेत, मोडी वाचणारे थोडे उरले आहेत, आणि माळ्यावरचीं दप्तरें कधीं संग्राहकाच्या, कधीं भंगारवाल्याच्या हातीं जात आहेत. तो पहिला दिवस आपल्या डोळ्यांसमोर रोज उगवत आहे.

याकरितां संग्राहकांस विनंती आहे कीं, रुमाल हातीं येतांच तो सोडण्यापूर्वीं एका स्वतंत्र कागदावर तारीख, गांव, घराणें व देणाऱ्यानें सांगितलेली हकीकत लिहावी. सांगणारास ती कोणापासून कळली हेंही लिहावें. रुमालांतील कागदांचा क्रम चुकीचा वाटला तरी मोडूं नये. जो कागद ज्याच्या पोटांत निघाला तेथेंच त्याचा क्रमांक घालावा. पोथीचे पाठे, बंद व वेष्टनाचें फडकें फेकूं नये. ऐकीव माहिती ऐकीव म्हणून व स्वतःचा तर्क तर्क म्हणून वेगळा मांडावा. नकलेवर नक्कल करणाराचें नांव, तारीख व मूळ प्रत कोठें आहे हें असावें. यादीच्या निदान दोन प्रती निरनिराळ्या घरीं ठेवाव्या, व त्यांतील एक कागदावर असावी. घराण्याची हरकत नसल्यास अशा यादीची एक प्रत त्रैमासिकाकडे पाठविल्यास ती इतर अभ्यासकांच्याही उपयोगीं पडेल.

राक्षसभुवनच्या लढाईसंबंधीं एखादें अस्सल पत्र उद्यां या तालुक्याच्या एखाद्या घरांत सांपडणें अशक्य नाहीं. तें सांपडलेंच, तर त्यावर पहिला प्रश्न पुण्याचा किंवा लंडनचा विद्वान् विचारील तो हाच असेल: हें कोठें मिळालें, व कोणीं दिलें? त्याचें उत्तर देण्याची तयारी आजच करून ठेवावी.